आगीचा रंग

काकांना काही विचारलं की उत्तर एका सुपारीनंतर मिळायचं. प्रश्न ऐकला की ते सदऱ्याच्या खिशातून कातरलेली सुपारी काढून गालात टाकायचे आणि ती चघळून संपेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत. तोवर विचारणाऱ्याने दुसरा विषय काढलेला असायचा. मी शेडमध्ये शिरताना विचारायची, "काका, पिल्लं पाणी किती पितायत?" आणि मग माझी स्कूटर वाटेत कशी पंक्चर झाली ते सांगत असताना ते मध्येच म्हणायचे, "काल सा कॅन."

घड्याळ त्यांनी कधी वापरलं नाही. सगळा वेळ सुपाऱ्यांत मोजायचे. भात दोन सुपाऱ्यांत शिजतो. भिवंडीहून त्यांचं गाव दिघाशी चार सुपाऱ्या, आणि रस्त्यात ट्रक अडकले असतील तर कितीही.

मी तेव्हा भिवंडीतल्या एका कोंबडीपालनाच्या कंपनीत सुपरवायझर होते. कंपनी गावातल्या शेडवाल्यांना एक दिवसाची पिल्लं आणि खाद्य द्यायची, शेडवाले ती चाळीसेक दिवस वाढवायचे आणि मग कंपनीची गाडी येऊन पक्षी घेऊन जायची. माझ्याकडे तालुक्यातली चौदा शेडं होती. पिल्लं वाढतायत का, मरतायत का, कशाने मरतायत हे बघून लिहायचं, एवढं माझं काम. माझा फक्त डिप्लोमा झाला होता, पण काका मला डॉक्टरीण म्हणायचे. मी डॉक्टर नाही असं दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्या वेळी एका सुपारीनंतर उत्तर आलं, "कोंबड्यांना डिग्री वाचता येत न्हाय."

शेड त्यांच्या बायकोच्या नावावर होतं. काकांची सगळी उमर नारपोलीच्या एका सायझिंगमध्ये गेली होती. लूमवर चढण्याआधी सुताला खळ लावून वाळवायचा तो कारखाना. वाळवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर, आणि त्या बॉयलरच्या तोंडाशी काका. सायझिंग बंद पडलं तेव्हा ते गावी येऊन काकींच्या शेडात बसले. खरोखरच बसले. पिल्लांच्या रिकाम्या क्रेटवर, आगीसमोर.

पूर्वी आमच्या शेडांत कोळशाच्या शेगड्या असायच्या. पहिले काही दिवस पिल्लाला स्वतःची ऊब नसते. तेहतीस अंशांच्या खाली गेलं की ती एकमेकांच्या अंगावर चढतात आणि तळातली गुदमरतात. शेगड्यांचा धूर आणि गॅस नको म्हणून कंपनीने काही शेडांत पेलेटचा स्टोव्ह बसवला. कमरेएवढी लोखंडी पेटी. वर भुशाच्या दाबलेल्या कांड्या, म्हणजे पेलेट, भरायचं खोकं. आत एक स्क्रू फिरतो आणि थोड्या थोड्या कांड्या खालच्या लोखंडी वाटीत टाकतो. पंखा वाटीला खालून हवा देतो. पुढे काच, मागे भिंतीबाहेर जाणारं धुराड्याचं नळकांडं. बटणं दोन. एक कांड्या किती पडाव्यात याचं, दुसरं हवा किती मिळावी याचं. दोन्हींवर एक ते नऊ आकडे.

बसवायला आलेल्या माणसाने दोन्ही बटणं पाचावर ठेवली आणि हात लावू नका म्हणून सांगितलं. काकांनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर क्रेट ओढून स्टोव्हसमोर बसले, सुपारी टाकली आणि बघत राहिले.

पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा त्यांनी मला उभ्या उभ्या शिकवलं. "ही बग. लांब, पिवली, ढिली, टोकाला काली. काचेवर काजल धरते. म्हंजे घास जास्ती झाला, चावाला हवा न्हाय. निम्म्या कांड्या धूर होऊन वर जातात." त्यांनी कांड्यांचं बटण एका आकड्याने खाली घेतलं. मी हवेच्या बटणाकडे हात नेला तर म्हणाले, "सबर. एका टायमाला एकच बटन. मंग एक सुपारी थांबाचा. दोन बटना फिरवलीस तर कोनाचा काय झाला ते कसा कलनार?"

सबर हा त्यांचा बॉयलरवरचा शब्द होता. तिथे सोबतीला उत्तरेकडची माणसं असायची, त्यामुळे काकांची भाषा अर्धी गावची आणि अर्धी नारपोलीची झाली होती.

हवा फार झाली तर काय होतं तेही दाखवलं. ज्योत आखूड आणि पांढरी झाली, फुसफुसायला लागली, वाटीतले निखारे उडून काचेवर आपटू लागले. "आता आग पोरांसाठी न्हाय जलत. भाईर आभालासाठी जलते." ऊब पिल्लांना मिळण्याआधी धुराड्यातून पळते, असं त्यांचं म्हणणं. हवी ती आग मधली. ना पिवळी ना पांढरी, फिकट सोनेरी, भरलेली, टोकं चपळ, पण जागेवर. शेवटी राख तळहातावर घेऊन फुंकायचे. मऊ, करडी, उडून जाणारी राख चांगली. काळे चुरे राहिले तर घास जास्त, कडक खडे झाले तर कांड्या खराब. नवी गोणी आली की त्यातली एक कांडी कानाशी धरून मोडायचे. कट्‌ असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर माल दमट, गोणी परत.

हे वेड शेडापुरतं राहत नव्हतं. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली आणि मामा सापडेना. काका मांडवामागे आचाऱ्याच्या भट्टीजवळ उकिडवे बसले होते. भट्टी पिवळी जळत होती आणि पातेल्यांची बुडं काळी होत होती. गॅसला पिवळा रंग म्हणजे हवा कमी, हे ते आचाऱ्याला समजावत होते. अक्षता त्यांच्या मुठीतच राहिल्या. काकींनी हे मला त्यांच्या देखत सांगितलं. काका म्हणाले, "भट्टी निली केली मी. भात येलेवर झाला." भाचीबद्दल काही बोलले नाहीत.

काकी कमी बोलणाऱ्या, सतत उभ्या. पाण्याची भांडी घास, पिल्लांखाली अंथरलेला भाताचा तूस परत, पडदे वरखाली कर, हे सगळं त्यांच्याकडे. आगीकडे त्या बघतही नसत. मला वाटायचं, आग हे खातं काकांचं. तसं मी लिहिलंही होतं. माझ्या चौदा शेडांत त्यांच्याकडे मर सगळ्यात कमी आणि कांड्याही सगळ्यात कमी लागायच्या. मी इतर शेडवाल्यांना सांगत फिरायची, दिघाशीला जाऊन बघा, कांड्या तीनवर आणि हवा चारवर. काही जण येऊनही गेले. काका त्यांना एक सुपारी बसवून ठेवायचे.

पुढचा प्रसंग जानेवारीतला. काकींची मुलगी कामतघरला दिलेली होती. तिचं बाळंतपण आलं म्हणून काकी आठ दिवसांसाठी तिकडे गेल्या. त्याच आठवड्यात काकांकडे तीन हजार पिल्लं उतरली. मी तिसऱ्या दिवशी सकाळी गेले.

फाटकातच मला आवाज आला. पिल्लं बरी असली की त्यांचा आवाज कुजबुजीसारखा असतो. हा तसा नव्हता, बारीक, टोचणारा आणि न थांबणारा होता. आत गेले तर आडोशासाठी लावलेल्या पत्र्याच्या गोल कड्याला चिकटून पिल्लांचे ढीग झाले होते. मधला तूस रिकामा होता. पिल्लांच्या उंचीवर टांगलेल्या थर्मामीटरमध्ये चोवीस अंश दिसत होते.

काका क्रेटवर, स्टोव्हला जवळजवळ गुडघे लावून बसले होते. त्यांना थंडी लागत नव्हती.

"काका, पिल्लं गारठलीत."

त्यांनी मान वळवली नाही. "आग चांगली व्हतेच आता. पिवली हाय अजून. सकालपासून हवा वाढवतोय, तरी पिवलीच."

मी काचेतून पाहिलं. आग पांढरी होती. बोटभर उंच, फुसफुसणारी. काचेवर ठिणग्या आपटत होत्या आणि वाटीबाहेर अर्धवट जळालेल्या कांड्या पडल्या होत्या. कांड्या दोनवर होत्या, हवा आठवर.

"काका, ही पिवळी नाही."

"सबर," ते म्हणाले आणि त्यांनी खिशात हात घातला.

मी थांबले नाही. त्यांच्या खांद्यावरून हात घालून हवा तीनवर आणली आणि कांड्या पाचवर नेल्या, दोन्ही बटणं एकदम. त्या स्टोव्हला त्यांच्या देखत कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या डोळ्यांकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांच्या मध्यावर मळकट सायीसारखं काहीतरी होतं.

मग आम्ही ढीग सोडवायला लागलो. मी वरची पिल्लं ओंजळीने उचलून मधे सोडत होते, काका खालची चाचपून बाहेर काढत होते. मेलेली त्यांना हाताला कळत होती. ते ती बाजूला ओळीत ठेवत होते. मी काकींना फोन केला.

काकी दुपारी रिक्षाने आल्या. मुलीला तिच्या जावेच्या हवाली करून तशाच निघाल्या होत्या. शेडच्या दारात त्या जरा थांबल्या, कान देऊन. मग सरळ स्टोव्हपाशी आल्या आणि हात मागे नेऊन कांड्यांचं बटण एका आकड्याने खाली घेतलं. तेव्हा त्यांचं लक्ष पिल्लांकडे होतं. बटणाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. अंधारात आपल्या घराची कडी जशी सापडते तसा त्यांचा हात तिथे गेला.

ते मी पाहिलं आणि काकांनीही पाहिलं.

"कवापासून?" काकांनी विचारलं.

काकी पदराने हात पुसत राहिल्या. "पहिल्यापासून थोडाथोडा. दिवालीपासून रोज."

"मी पानी प्याला उठलो की?"

"हां. नायतर जेवाला बसलात की."

म्हणजे तीन आणि चार हे आकडे, जे मी तालुकाभर सांगत फिरत होते, ते काकींचे होते. त्या आग बघत नव्हत्या, पिल्लांचा आवाज ऐकत होत्या. काकांच्या कानांतून बारीक आवाज केव्हाच गेले होते. सायझिंगला लागूनच लूमचा कारखाना होता आणि तिथे त्यांची इतकी वर्षं गेली होती.

"मंग मना सांगितला का न्हाय?"

"ऐकला असता तुमी?"

या प्रश्नाला त्यांनी सुपारी टाकली नाही. लगेच म्हणाले, "न्हाय."

संध्याकाळपर्यंत पिल्लं तुसावर सारखी पसरली आणि आवाज खाली आला. मेलेली एकशेअठरा भरली. काकांनी स्वतः खड्डा खणला, चुना टाकला. मी वही काढली तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "लिव. आकडा कमी लिवू नको. कारन बी लिव."

मी 'कमी तापमान' लिहिलं आणि पुढे 'चालवणाऱ्याच्या नजरेचा दोष' असं लिहिलं. ते लिहिताना बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. या पिल्लांचे दिवस भरले की शेड रिकामं ठेवा, आगीची खात्री पटल्याशिवाय पुढची पिल्लं उतरवू नका. मी दिघाशीला जाऊन तो निरोप सांगितला. काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. काका म्हणाले, "बरोबर हाय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, पण ऑपरेशन करायला ते तयार होईनात. डोळ्यात पातं घालणार म्हटल्यावर भ्यायले होते. तसं कबूल केलं नाही, पण एक आठवडा मला डॉक्टरीण म्हटलं नाही. काकी एकदाच म्हणाल्या, "शेड रिकामा राहिला तर मी कामतघरला नातवाकडे जाते. तुमी आग बगत बसा." त्यानंतर ते रिक्षात बसले.

शहरातल्या दवाखान्यात आधी उजवा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. काकी पिल्लांपाशी अडकलेल्या, म्हणून सोबत मी गेले. पट्टी निघाली, डॉक्टरांनी थेंब घातले, काळा चष्मा दिला. बाहेर येऊन आम्ही एका टपरीवर चहा घेतला. समोर एका हातगाडीवर कोऱ्या पांढऱ्या कापडाचे तागे रचलेले होते. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. मी नको म्हणत होते. त्यांनी तळहाताने डावा डोळा झाकून तागे पाहिले. मग उजवा झाकून पाहिले. मग पुन्हा डावा. असं बऱ्याच वेळा केलं. चहा निवला.

"डॉक्टरीण, तो कापड पांढरा हाय ना?"

"पांढराच आहे."

"या डोल्याने पांढरा हाय. या डोल्याने ताकात हलद पडल्यासारका." त्यांनी हात खाली घेतला. "येवढा पिवला बगत व्हतो मी."

मी म्हटलं, मोतीबिंदू हळूहळू वाढतो, त्यामुळे माणसाला कळत नाही. ते ऐकत नव्हते. गालात सुपारी होती. ती संपल्यावर ते म्हणाले, "नारपोलीला जायाचा हाय."

रिक्षात त्यांनी मला सांगितलं. सायझिंगच्या शेवटच्या वर्षांत बॉयलरवर त्यांच्या जोडीला एक भैया होता. बारा वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलेलं. एका सकाळी काका ड्युटीवर आले तेव्हा त्यांना आग पिवळी दिसली. त्यांनी हवा वाढवली. भैया म्हणाला, सफेद आहे, कमी कर. दोघांचं वाजलं. त्या दिवशी वाफेचा दाब पडला, सूत ओलं राहिलं आणि शेठ खाली आले. काकांनी शेठना सांगितलं, याला आग ओळखता येत नाही. शेठचा काकांच्या डोळ्यांवर विश्वास होता. पाहुणे आले की त्यांना काकांची आग दाखवायला आणायचे. भैयाला त्यांनी बॉयलरवरून काढून गोणी उचलायला लावलं. त्यानंतर भैया काकांशी बोलला नाही आणि काकाही त्याच्याशी बोलले नाहीत.

"सा वर्सं झाली," काका म्हणाले. "डोला तवाच गेला आसंल?"

"सांगता येत नाही, काका."

"त्याला म्हायती हाय."

त्याची खोली नारपोलीत होती. तिथे कळलं की तो आता जवळच्याच एका गोदामाच्या गेटवर असतो. आम्ही गेलो. खाकी सदरा घातलेला एक म्हातारा बाकावर बसला होता, मांडीवर गाड्यांच्या नोंदीची वही. काकांना त्याने ओळखलं नाही. काळ्या चष्म्यामुळे असेल असं मला वाटलं. तेवढ्यात एक ट्रक आला. म्हातारा उठून गाडीच्या तोंडापाशी गेला, नंबरच्या पाटीला नाक लागेल इतका वाकला, आणि शेवटी ड्रायव्हरलाच म्हणाला, "नंबर बोल बेटा." ड्रायव्हरने सांगितला, त्याने लिहिला.

तो परत बाकाशी आला तेव्हा काका त्याच्या अगदी समोर उभे राहिले. आवाजावरून त्याने ओळखलं. काका एवढंच म्हणाले होते, "उस दिन आग सफेद थी क्या?"

भैयाने हाताने बाक चाचपला. मग बसला. वही बंद करून बाजूला ठेवली.

"सफेद थी," तो म्हणाला. "मैंने बोला था."

"हां. बोला था." काकांनी चष्मा काढला. उजवा डोळा लाल होता आणि त्यातून पाणी येत होतं. थेंबांमुळेही असेल. "मेरेकू पीली दिखी. आँख खराब थी मेरी. कल ऑपरेशन किया. मैं शेठकू झूठ बोला तेरे बारे में. मालूम नहीं था, पर झूठ बोला."

भैयाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. नीट दिसावं म्हणून मान तिरकी करून, डोळे बारीक करून पाहिलं. मला वाटलं आता सहा वर्षांचं साठलेलं काहीतरी तो बोलेल. माझी ऐकून घ्यायची तयारी नव्हती, पण काकांची होती. ते दोन्ही हात खाली सोडून उभे होते.

"दर्द होता है क्या?" भैयाने विचारलं.

काकांना आधी कळलं नाही. भैयाने स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं. "चीरते हैं तो. यहाँ सब बोलते हैं करा ले, करा ले. मेरेकू डर लगता है."

काका त्याच्या शेजारी बाकावर बसले.

"न्हाय दुखत," ते म्हणाले. मग त्याला मराठी कळतं की नाही हे बारा वर्षं सोबत काढूनही त्यांना आठवेना म्हणून पुन्हा म्हणाले, "दुखता नहीं. सोमवार को मेरा दुसरा डोला है. तू भी चल. मैं बाजू में बैठता."

गेटवर दुसरी गाडी येऊन हॉर्न वाजवू लागली. भैया उठायला लागला तर काकांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं, वही उचलली आणि स्वतः गाडीसमोर जाऊन उजव्या डोळ्याने नंबर मोठ्याने वाचून दाखवला.